बाराला लागून तेरा

चिंचेने घासून लखलखीत केलेली आईची तांब्याची कळशी, आणि तिच्या गळ्यातून आत शिरलेला माझा सात वर्षांचा हात… आजही डोळे मिटले की तळाशी कुजबुजणाऱ्या त्या चिठ्ठ्या बोटांना लागतात. आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं, आणि नवं गाव उंब्रजच्या अलीकडे, तापलेल्या माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी आखलं होतं. सरळ रस्ते, सारखे चौकोन, मधोमध शाळा. आखणीचे साहेब म्हणाले, नव्या गावात आळ्या नाहीत, वस्त्या नाहीत. जो नंबर निघेल तिथं घर. चिठ्ठ्या काढायला लहान मुलीचा हात हवा, म्हणून मला उभं केलेलं.

आमचा बारा निघाला. मग मी तेरा उचलला, तो शेवंताच्या वडिलांचा! शेवंता माझी जिवाची मैत्रीण — ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. तिच्या घरचं पाणी प्यायले म्हणून मी एकदा मारही खाल्ला होता बघा.

“आता भिंतीवरनं हाक मारायची गं,” ती कानात म्हणाली. तिच्या केसांना करंजाच्या तेलाचा वास…

साहेबांची जीप धुरळा उडवत गेली.

“अण्णा, पोरीचा हात लय गुणाचा निघाला की!” थोरले चुलते माझ्या वडिलांना म्हणाले. कुणीतरी हसलं, आणि ते हसू लगेच विरलं. चुलते शेवंताच्या वडिलांकडे वळले. “तेरा नंबर इकडं दे. तुमची घरं समदी ओढ्याकडं, एका जागी हुंद्यात.”

“आवं, सायबानं समद्यांदेखत दिलाय न्हवं?” चिठ्ठी त्यांच्या मुठीत होती.

“सायेब गेला. ऱ्हायाचं आमच्यासंगट हाय.”

सगळे अण्णांकडे बघत होते. शेजार त्यांचा, ‘माझी हरकत न्हाई’ एवढं ते म्हणाले असते, तर… मी त्यांचं धोतर ओढलं. शेवंताचे वडीलही त्यांच्याचकडे बघत राहिले, किती तरी वेळ. अण्णा पायाने फक्कीची रेघ पुसत उभे होते.

शेवंताच्या वडिलांनी मूठ उघडली.

भिंतीवरून हाक मारायची राहिलीच. शेवंताचं लग्न झालं, पुढं कधीतरी ती गेल्याचंही कळलं…

परवा भाचा, थोरल्या चुलत्यांचा नातू, तेरावरच्या त्यांच्या घराच्या उताऱ्यासाठी जुना नकाशा घेऊन आला. पिवळा पडलेला कागद, पण शाई शाबूत — बाराला लागून तेरा, त्यात शेवंताच्या वडिलांचं नाव. माळावरची अदलाबदल कागदावर कुणी केलीच नव्हती.

“आत्या, चूक हाय ही. दुरुस्तीच्या अर्जावर शेजारच्या बाराची वारस म्हणून तुजी बी सही लागतीया.”

“चूक कागदाची न्हाई रं,” मी म्हटलं.

पेन तो ठेवून गेलाय. सही मी अजून केलेली नाही.