धुकं नसेल तर सर्वांना खुलं

तिला सगळे वहिनी म्हणत, आणि त्याला कारण तिचा दीर. तळ्यांच्या फाटकावर तो पालिकेचा रखवालदार होता. संध्याकाळी ती खांद्याला पिशवी लावून वळणावर दिसली की तो तिथूनच हाक द्यायचा, "या वहिनी, आज पाणी बरं आहे!" ऐकून ऐकून बाकीचेही तिला वहिनी म्हणू लागले. तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले मास्तर, म्हणजे पोहणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, तेही वहिनीच म्हणत. तिचं खरं नाव काय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तळी दोन होती. वस्तीच्या टोकाला पूर्वी वीटभट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी माती काढून काढून दोन मोठे खड्डे पडले, खाली झरे लागले, आणि भट्ट्या बंद झाल्यावर पाणी तेवढं मागे राहिलं. एक तळं उथळ, एक खोल. काठाला गवत, कपडे बदलायला फळ्यांची एक खोली, आत खुंट्या आणि एक लांब बाक. त्या बाकाचा एक पाय आखूड होता. नवा माणूस त्यावर बसला की दचकायचा आणि जुने हसायचे. मंडळाचे लोक गवत कापत, फळ्या रंगवत, पाण्यातला पाला काढत. पालिका रखवालदाराचा पगार देई. आत जायला पैसे पडत नसत, आणि पडायला हवेत असं कुणाच्या मनातही येत नसे.

वहिनी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून ओढायचे, गाडीत टाकायचे, गाडी ढकलत न्यायची आणि एकेक चादर इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रुळांमध्ये सरळ घालायची. ओली चादर किती जड असते हे चादरीवर झोपणाऱ्याला कळत नाही. पंचेचाळिशी उलटली तेव्हा तिची कंबर अशी धरली की बुटाच्या नाड्या नवऱ्याला बांधाव्या लागत. डॉक्टर म्हणाले, पोहा. ती म्हणाली, "मला पोहता येत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

शिकवलं दिरानेच. छातीभर पाण्यात उभं राहून तो म्हणाला, "वहिनी, पाण्याला घाबरू नका. त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. डोकं मागे टाका आणि अंग सोडून द्या." ती घाबरली, ओरडली, दिराच्या मानेला लोंबकळली, नाकात पाणी गेलं म्हणून त्याला चार शब्द सुनावले. पण एका संध्याकाळी तिने अंग सोडलं आणि ती तरंगली. कान पाण्याखाली, वर आभाळ. दिवसभर ती दुसऱ्यांची ओझी उचलायची. इथे तिलाच कुणीतरी अलगद उचलून धरलं होतं. बाहेर आल्यावर ती टॉवेल गुंडाळून तडक घरी निघाली. दिराला वाटलं, वहिनी रागावल्या.

कंबर सुधारली तशी धुलाईघरातल्या बाकीच्या बायकाही येऊ लागल्या. कुणाचे गुडघे, कुणाचे खांदे, कुणाला नुसताच घरातून तासभर सुटका म्हणून. संध्याकाळी उथळ तळ्यात त्यांच्या हसण्याचा एवढा गलका व्हायचा की खोल तळ्यातून मास्तर ओरडायचे, "अहो, मासे पळाले सगळे!"

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस फाटकावर पालिकेची पाटी लागली. पुढच्या महिन्यापासून पास लागेल. एका डुबकीला जेवढे पैसे सांगितले होते, तेवढ्यात धुलाईघरातल्या बाईचं एका वेळचं जेवण निघायचं.

पाटीवरचा नियम लागू झाला त्या संध्याकाळी वहिनी नेहमीप्रमाणे आली. दिराने हाक दिली नाही. तो फाटकाच्या आत मान खाली घालून उभा होता.

"वहिनी, पास..." एवढंच म्हणून तो थांबला.

"नाही काढला."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि फाटक वीतभर उघडलं. "या. तुम्हाला कोण विचारतंय? घरच्या घरी आहे."

"मला एकटीला आत घ्याल भाऊजी. मागून येणाऱ्या बायकांना काय सांगाल? आणि उद्या तुमच्या नोकरीवर आलं तर मी जाऊबाईंना काय तोंड दाखवू?"

"मग परत जाणार?"

"परत कशाला जाऊ? पाण्यात जायला मनाई आहे, बसायला नाही ना?"

ती फाटकासमोरच्या गवतावर टॉवेल अंथरून बसली. तिच्या मनात काही आंदोलन वगैरे नव्हतं. घरी लवकर जाऊन करायचं काय, एवढाच प्रश्न होता. मागून आलेल्या बायका तिच्याशेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या चहा घेऊन आल्या. मास्तरांनी पास काढला होता. ते ऐटीत फाटकातून आत गेले, एक फेरी पोहले आणि ओल्या केसांनीच बाहेर येऊन बायकांमध्ये बसले. "एकट्याला पोहायला मजा नाही," ते पुटपुटले. आठवड्याभरात बाहेर बसणारे जास्त आणि आत पोहणारे कमी झाले. ज्यांना वहिनी फारशी आवडत नसे, जे तिला इतकी वर्षं पाण्यात पाहत, तेसुद्धा आता तिला कोरडी बसलेली बघून हळहळू लागले.

अखेर पालिकेने मंडळाला बोलावलं. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या. डोळ्यांखाली काळं, समोर गार झालेला चहा. मास्तरांनी तयारी करून आणलेलं भाषण केलं: पाणी सर्वांचं, माती सर्वांची, वगैरे. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं सगळं पटतं," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. एक रखवालदार, दोन तळी. तो एकीकडे बघतो तेव्हा दुसरीकडे कोण बघतं? आणखी माणसं ठेवायची तर पगार कुठून आणू? पासाचे पैसे मी माझ्या घरी नेत नाही. आणि उद्या कुणी बुडालं, तर त्याच्या आईसमोर जाऊन उभी कोण राहणार? तुम्ही?"

मास्तर आपल्या भाषणाचा कागद उलटून बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून वहिनी बोलली.

"आम्ही बसू राखणीला. पाळी लावून."

"राखण म्हणजे काठावर नुसतं बसणं नव्हे, बाई. त्याचं शिक्षण असतं, परीक्षा असते."

"मग देऊ परीक्षा."

बोलून तर गेली, आणि घरी जाताना आपलं वय मोजू लागली. पन्नाशी उलटलेली बाई, शाळेतली शेवटची परीक्षा नापास झाल्यावर पुन्हा कुठल्या परीक्षेच्या वाटेला गेली नव्हती.

पालिकेने अट घातली: पोहणं सुरू असेल तोवर प्रत्येक तळ्यावर शिकलेला एक राखणदार हवा. जमलं तर पास रद्द. फाटकावर डबा ठेवा, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं टाकावं, त्यातून डागडुजी करा. मंडळातून दहा-बारा जण तयार झाले. शिकवणी पुन्हा दिराकडे. कपड्यांसकट पोहायचं, तळाशी टाकलेला विटांचा गठ्ठा वर आणायचा, गळ्याला मिठी मारणाऱ्या माणसाच्या हातातून सुटून त्यालाच मागून धरायचं.

"हे मात्र मला येतं," दीर म्हणाला. "तुम्ही पहिल्या दिवशी माझी मान धरली होती तेव्हापासून शिकतोय."

पहिल्या खेपेला वहिनी नापास झाली. विटा अर्ध्यावरच हातातून सुटल्या. घरी आली आणि ओले कपडे दोरीवर टाकू लागली. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बोलणं त्याच्या घड्याळांपेक्षाही कमी. तो हळूच म्हणाला, "मी तुझ्यासाठी देव पाण्यात घालून बसलो असतो. पण म्हटलं, तुला विटाच वर आणवत नाहीत, त्यांना कोण काढणार?" ती चिडली, मग हसू लागली, आणि हसता हसता रडली. पुढच्या खेपेला विटा वर आल्या.

फाटकावरची पाटी उतरली. पहिल्या संध्याकाळी केवढी गर्दी! डब्यात नाणी पडली, नोटा पडल्या, कुणीतरी शर्टाचं बटणही टाकलं. ते मास्तरांनी आपल्या कोटाला लावून घेतलं. दीर पालिकेच्या पगारावर कायम राहिला, आणि वहिनी सुट्टीच्या सकाळी खोल तळ्याच्या उंच खुर्चीवर बसू लागली.

खरी गोष्ट घडली ती त्यानंतरच्या थंडीत.

थंडीतही येणारे काही वेडे असतातच. त्यांत एक बेकरीवाला होता, देहाने भला दांडगा. पहाटेची भट्टी आटोपून तो येई आणि पोहताना मोठमोठ्याने गाई. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की खुर्चीवरून पलीकडचा काठ दिसत नव्हता. दिसत नसलं तरी वहिनीला काळजी वाटली नाही. तळं तेच, माणसं तीच. बेकरीवाल्याचं गाणं मधूनच जवळ येत होतं, मधूनच लांब जात होतं.

आणि ते थांबलं.

ओळीच्या शेवटी थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते शब्दाच्या मध्येच तुटलं. वहिनी क्षणभर कान देऊन बसली, तिने हाक मारली, उत्तर आलं नाही. तिने शिट्टी फुंकली आणि खुर्चीला टांगलेला तरंगता पट्टा घेऊन आवाज तुटला त्या दिशेला उडी टाकली. धुक्यात तिला दिसलं काहीच नाही. हाताला आधी थंड पाणी लागलं, पुन्हा पाणी, मग केस. तिने केसांना धरून डोकं वर ओढलं, हनुवटीखाली हात घातला आणि पाठीवर पडून पाय मारू लागली. किनारा कुठे ते कळेना. उथळ तळ्यावरून धावत आलेला दीर काठावरून "इकडे वहिनी, इकडे!" असा सतत ओरडत राहिला, त्या आवाजावर ती आली.

बेकरीवाला वाचला. छातीत कळ आली होती, रुग्णालयाने त्याला ठेवून घेतलं. आठवड्याभरात तो परिचारिकांना गाणी ऐकवू लागला.

लोकांनी वहिनीला डोक्यावर घेतलं. धुलाईघरात मात्र चादर रुळात घालताना तिचे हात थांबत. सगळे म्हणत, वहिनी होत्या म्हणून वाचला. तिच्या मनात एकच प्रश्न घोळायचा: तो गात नसता तर?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत तिने सांगून टाकलं, "धुकं असेल तेव्हा खोल तळं बंद ठेवायचं."

मास्तर खुर्चीतून उठलेच. "वहिनी! फाटक बंद करणाऱ्यांशी आपण भांडलो आणि आता स्वतःच कुलूप लावायचं? इतकी वर्षं लोक धुक्यात पोहत आलेत."

"पोहत आलेत. खुर्चीवर मी नव्हते बसले तेव्हा."

"घाबरलात तुम्ही."

"हो, घाबरले," ती शांतपणे म्हणाली. "पालिकेच्या त्या बाईंच्या डोळ्यांखाली काळं का होतं, ते मला आता कळलं. मास्तर, दिसत नसताना मी त्या खुर्चीवर बसले, तर ती राखण नव्हे. तो देखावा झाला. उद्या एखादी आई विचारेल, तुम्ही काय करत होता? मी काय सांगू? धुकं बघत होते?"

मतं घेतली आणि वहिनी हरली. लोकांना राग आला होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. मोठ्या मुश्किलीने मिळालेली गोष्ट माणूस मुठीत घट्ट धरतो. तेवढ्यात कोपऱ्यात शालीत गुंडाळून बसलेल्या बेकरीवाल्याने हात वर केला.

"एक बोलू? माझं गाणं अर्ध्यात तुटलं म्हणून ह्यांना कळलं. मास्तर, तुम्ही तर पोहताना ओठ शिवून असता. आणि तोंड उघडलंत, तरी तुमच्या सुरावरून तुम्ही गाताय की बुडताय ते कुणालाच कळायचं नाही."

खोली हसली. मास्तर हसले नाहीत, पण खाली बसले. मतं पुन्हा घेतली गेली, आणि नियम झाला: खुर्चीवरून पलीकडच्या काठावरचा माणूस दिसला पाहिजे, त्याने एक हात वर केलाय की दोन, हे ओळखता आलं पाहिजे. नाहीतर खोल तळं बंद.

मास्तर पुढे बरेच दिवस फिरकले नाहीत. वहिनीला ते लागलं. तिने दिराजवळ बोलूनही दाखवलं, "म्हातारा माझ्यामुळे पाण्याला मुकला." दीर म्हणाला, "पाण्याला मुकलेला माणूस पाण्याकडे येतोच. राग कोरड्यात फार टिकत नाही."

एका धुकट सकाळी ती खुर्चीवर चढली तेव्हा पलीकडून खोकला ऐकू आला.

"वहिनी! मी पलीकडच्या काठावर आहे. हात वर केलाय. किती?"

"मास्तर, मला तुम्हीच दिसत नाही, हात कुठला दिसायला?"

"नीट बघा!"

"बघतेय."

मग मास्तर म्हणाले, "बरं. हात दुखला की खाली घेईन, पण उभा आहे मी इथेच. धुकं विरलं की सांगा."

वहिनीने खोल तळ्यात उतरायला फाटकाशी खोळंबलेल्या मंडळींना हाताने थांबवलं. कुणी कुरकुरलं, कुणी घड्याळ पाहिलं, बेकरीवाल्याने सगळ्यांना गरम पाव वाटले. सूर्य वर आला तसा पाण्यावरून धूर सरकावा तसं धुकं सरकू लागलं. आधी गवत दिसलं, मग एक कोट, मग दोन्ही हात वर करून उभे असलेले मास्तर.

"दोन!" वहिनी ओरडली, आणि दिराने फाटक उघडलं.