भट्टीवाल्याचे तळपाय

माझ्या वहिनीला कुणी घाई करायला लावून दाखवावं, मी आमची बेकरी त्याच्या नावावर करून देईन!

ती फिजिओथेरपीच्या खोलीत काम करते. तिथे लांब मानेचा इन्फ्रारेड दिवा आहे. कुणाची मान आखडलेली, कुणाची कंबर धरलेली. दिव्याच्या लाल शेकाने स्नायू सैल होतात, रक्त खेळायला लागतं, दुखणं उतरतं आणि मग व्यायाम करून घेता येतो. पेशंट मात्र उतावळे. वहिनीची पाठ वळली की दिवा जवळ ओढतात. जास्त चटका म्हणजे जास्त गुण, असा हिशोब! दिवा लावण्याआधी तिचा एक नेम असतो. काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. पेशंटने डोळे मिटायचे आणि कुठली लागली ते सांगायचं. नवा असो की जुना, सुटका नाही.

तिचा नवरा म्हणजे माझा दादा. मी गल्ल्यावर बसते, तो भट्टीवर, आणि तोरा असा की आग यानेच शोधून काढली. त्याला मधुमेह आहे, पण गोळ्यांची आठवण बायकोने करायची. या थंडीत त्याचे पाय गार पडायला लागले, मुंग्या यायला लागल्या, उभं राहवेना. भट्टी सुटते की काय या धास्तीने शेवटी नाक मुठीत धरून तो वहिनीच्या खोलीत गेला. मीही सोबत गेले. असला तमाशा मी चुकवते होय!

"तळपायांना दिवा लाव," दादाने फर्मान सोडलं.

"डोळे मिटा."

"अगं, मी भट्टीवाला! मला गरम-गार शिकवतेस?"

"मिटा म्हटलं ना."

वहिनीने गरम नळी टेकवली. "गार!" दादा ठसक्यात म्हणाला. मग गार टेकवली. "हीसुद्धा गारच. फसवतेस काय?" पुन्हा गरम. तो जरा थांबला आणि म्हणाला, "लावलीस का?"

माझं हसू जागच्या जागी विरलं.

वहिनीने त्याचा पाय उजेडात धरला. टाचेवर बटणाएवढा फोड होता, फुटून ओला झालेला. हे कधी भाजलं, असं तिने विचारलं तर दादाला पत्ताच नाही! मग खोदून खोदून विचारल्यावर निघालं, की पाय गार पडतात म्हणून स्वारी रोज चपला काढून भट्टीच्या दाराशी तळवे शेकत होती. हे शहाणपण भट्टीवाल्यालाच सुचावं.

"जिथे कळत नाही तिथे दिवा नाही," वहिनी म्हणाली. "भाजलं तरी तुम्हाला समजणार नाही. जखम चिघळली तर पाय जाईल."

"जगाला शेक देतेस आणि नवऱ्याला नाही?" दादा भडकला.

"आधी डॉक्टर," असं म्हणत ती त्याला दंडाला धरून घेऊन गेलीसुद्धा.

मग मलमपट्टी, वेळेवर गोळ्या, भट्टीपासून लांब स्टूल. दादाने घर डोक्यावर घेतलं, पण ती बधली नाही. रोज कामाला निघण्याआधी त्याचे तळवे उलटे करून बघायची, मगच चपला घालू द्यायची. जखम भरली. पाय वाचला, आणि तो वहिनीने वाचवला, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

परवा दादाचा खांदा आखडला. पुन्हा तीच खोली, त्याच नळ्या. खांद्यावर दोन्ही बरोबर ओळखल्या, दिवा लागला आणि स्वारी सुखावली. "आता पायांचंही बघ," डोळे मिटूनच तो म्हणाला.

वहिनी त्याच्या पायाशी बसली. नळ्या बाजूला ठेवून तिने त्याचा तळपाय अलगद दोन्ही हातांत घेतला. दादा डोळे मिटून नळीची वाट बघत होता.

"अगं, लाव की!"

वहिनीचा आवाज नेहमीसारखाच होता.

"असू द्या," पाय तसाच हातांत धरून ती म्हणाली, "मला कळतंय ना."