आक्काच्या फडक्याचं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण सख्ख्या बहिणीवर करणीचा आळ घेतला तेव्हा ही अक्कल कुठे चरायला गेली होती, ते विचारू नका...

सांगलीजवळ माधवनगरला आमचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मी ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या खोलून दुरुस्त करायचो. मधल्या खोलीत माझी दोन वर्षांची जुई गादीवर खेळायची, मागच्या खोलीत बायकोची चूल. तिला सांभाळायला कडेगावहून माझी थोरली बहीण, आक्का, येऊन राहिली. महिन्याभरात जुई मलूल झाली. पोटात दुखायचं, जेवण नाही, सारखी किरकिर.

आक्काची एक सवय. रोज दुपारी ओल्या फडक्याने गादीभोवती गोल पुसायची आणि बादलीतलं राखाडी पाणी लांब तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथे, नेऊन ओतायची. घरात मोरी असताना! तिकटीवर उतारा टाकतात हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी अख्ख्या गल्लीसमोर तिला धरलं, माझ्या पोरीवर करणी करतेस म्हणून ओरडलो.

"आरं, ह्या पाण्यानं परसातला कडीपत्ता वाळला," ती म्हणाली. "म्हणून लांब वततीय."

मी ऐकलं नाही. त्याच दिवशी तिला कडेगावच्या एसटीत बसवून दिलं. ती खिडकीतून जुईकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आत गेलो, तर गादीभोवती फरशीवर ओला गोल. वीतभर रुंद. बायको चुलीपाशी, दोन्ही हात पिठाने भरलेले.

"मी कशाला पुसू? तुमीच म्हणालासा न्हवं, तसलं काई करू नगा."

पुढचे चार दिवस तेच. एकदा मी कडी लावून समोर बसून राहिलो. पाणी प्यायला पाठ वळवली, तेवढ्यात फरशी ओली... हात लावला तर गार.

जुईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी माझ्या काळ्या बाह्या बघितल्या, धंदा विचारला आणि जुईचं रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. "बॅटरीतल्या शिशाची धूळ तुमच्या कपड्यांवरून, चपलांवरून घरभर होते. पोरं तेच हात तोंडात घालतात. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा." माझी मान वर होईना.

तसाच कडेगावला गेलो. दुपारची वेळ. आक्का तिच्या घरात फरशी पुसत होती, शेजारच्या बादलीत राखाडी पाणी.

"सकाळीच पुसलंय. पर दुपार झाली की हात ऱ्हात न्हाई बग. आन् पानी कसलं निगतंय... हितं कुठली रं तुझी बॅटरी?"

मी तिचे पाय धरले. घरी चल म्हणालो.

"पोरगी कशी हाय ते सांग आदी," ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिने फडकं बादलीत पिळलं. "यीन की. पर गल्लीत वरडून आळ घेतलास, तसंच गल्लीत वरडून सांग, मी पानी का वतत हुते."

आता काम गावाबाहेरच्या शेडमध्ये नेलंय. तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येतो आणि गादीभोवती मीच पुसतो. जुई थोडं थोडं जेवते, पण रक्त अजून तपासावं लागतं. मी पुसायला लागलो त्या दिवसापासून तो गोल उमटला नाही. तो कोण काढत होतं, आक्काच्या बादलीत आमची धूळ कशी गेली, मला अजूनही कळलेलं नाही.

दोन महिने झाले, गल्लीत माझं तोंड उघडलेलं नाही, म्हणून आक्काही आलेली नाही. इथे लिहितोय, कारण इथे मला कुणी ओळखत नाही.