मावशीचं नाक

आमच्या नाटक कंपनीत सगळे मावशीच्या नाकाला वचकून असत. दिग्दर्शक ओरडला की आम्ही मान खाली घालून गालातल्या गालात हसायचो. पण मावशीने नाक मुरडलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

ती कपडेपट सांभाळायची. प्रयोग संपला की रंगमंचामागच्या लांबट खोलीत एका लाकडी स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "हं, पुढचा." आम्ही अंगावरून नुकतेच उतरवलेले घामट कपडे एकेक करून तिच्या हातात द्यायचो. ती कपडा उलटा करायची, काखेची बाजू नाकाशी न्यायची आणि दोनदा हुंगायची. उजवीकडे टाकला तर नुसता हवेवर, समोर टाकला तर पाण्यात, डावीकडे टाकला तर बाद. डावीकडे पडलेला कपडा पुन्हा कधी उजेडात आला नाही, मग घालणाऱ्याने कितीही गयावया केली तरी. वर निदान फुकट मिळायचं. "तुला ताप येणार आहे, आज लवकर झोप." "मध्यंतरात घोट घेतलास ना रे?" एकदा नायिकेचा झगा हुंगून तिने तिला बाजूला नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. नायिकेला दिवस गेलेत हे नायिकेच्या नवऱ्यालासुद्धा त्यानंतर दहा दिवसांनी कळलं.

माझं तिच्याशी एकदाच वाजलं. लागोपाठ तीन प्रयोग झाले होते आणि राजाचा मखमली झगा धुवायला सवड मिळाली नव्हती. मी त्यावर गुलाबाचं अत्तर शिंपडलं आणि अंगात चढवला. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना मावशी विंगेत आली. जवळ यायचीही गरज पडली नाही तिला. सगळ्या कंपनीदेखत तिने तो झगा माझ्या अंगातून ओढून काढला.

"घाण झाला असेल तर घाण झालाय म्हण," ती म्हणाली. "घाण धुता येते. अत्तर मारलेली घाण नुसती साठत जाते."

त्या दिवशी राजा दरबारात नुसत्या सदऱ्यावर बसला. प्रेक्षकांना वाटलं, दिग्दर्शकाची काहीतरी नवी कल्पना असेल. पुढे तो आमचा विनोदच झाला. तिच्याकडे जाताना मी हटकून अत्तराची कुपी न्यायचो. "आणलंस का रे पुन्हा पाप?" म्हणत ती ठेवून घ्यायची. कधी उघडायची मात्र नाही.

तिचा कुत्रा याच खोलीतला. धुवायच्या कपड्यांचं गाठोडं एकदा आपोआप हललं आणि त्यातून एक पिल्लू बाहेर आलं. मावशीने त्याला मानेला धरून उचललं, पोट हुंगलं, "पाण्यात," म्हणाली आणि बादलीत बुचकळलं. नाव पडलं गाठोड्या. दोन-तीन वर्षांनी कंपनी बंद झाली, तेव्हा कुणी तलवारी नेल्या, कुणी आरसे नेले. मावशीने गाठोड्या नेला आणि तो ज्यावर झोपायचा तो राजाचा झगा नेला. तिचं बाकी कोणी नव्हतं. भावाची मुलगी तेवढी जवळ राहायला आली. ती टपाल कचेरीच्या खिडकीवर काम करते, आणि दिवसभर लोकांचं ऐकून घेतल्यामुळे स्वतः फार कमी बोलते.

म्हणून तिचा फोन आला तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"काका, आत्याशी तुम्ही बोला. माझं ऐकत नाही ती. गाठोड्याच्या जबड्यात गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता इंजेक्शन देऊन सोडवा त्याला. आत्या म्हणते, त्याला काही झालेलं नाही."

मी गेलो. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच वास आला. फुलदाणीत आठ दिवस राहिलेलं पाणी आणि उन्हात विसरलेलं मांस, असं काहीतरी. दार उघडलं तेव्हा मी तोंडाने श्वास घेत होतो. गाठोड्या झग्यावर पडला होता. खालच्या जबड्याला लिंबाएवढी गाठ, जीभ तिच्यामुळे बाहेर ढकललेली, आणि तिच्या टोकाहून लालसर लाळेची तार थेट मखमलीपर्यंत.

"कसा वाटतो रे?" मावशीने विचारलं. जगातलं सगळ्यात तिखट नाक माझ्यासमोर बसलं होतं आणि मला विचारत होतं, कसा वाटतो.

समोरच्याला जे ऐकायचंय ते गोड आवाजात ऐकवणं, हा माझा चाळीस वर्षांचा धंदा. "राजबिंडा!" मी म्हणालो. "अहो मावशी, माझ्यापेक्षा तरुण दिसतोय."

"ऐकलंस का गं?" मावशी भाचीकडे वळून म्हणाली. "उगीच मागे लागतेस त्याच्या."

भाचीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी अत्तराची कुपी मावशीच्या हातात दिली, चहा श्वास रोखून संपवला, खाली उतरलो आणि कोपऱ्यावर भडभडून ओकलो. मला वाटलं, वासाने. घरी येऊन तीनदा चूळ भरली तरी तोंडाची चव जाईना, तेव्हा कळलं की ती वासाची नव्हती. त्या 'राजबिंडा'ची होती.

अठरा दिवस मी गेलो नाही. मग भाचीचा फोन आला. "काका, अळ्या पडल्यात," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

या वेळी वास पहिल्या मजल्यापर्यंत उतरला होता, आणि एकटा नव्हता. त्यात गुलाब मिसळला होता. पू आणि गुलाब. माझ्याच कुपीतला गुलाब! नुसत्या कुजक्या वासात निदान प्रामाणिकपणा तरी असतो. या वासात तोही नव्हता.

आत एक शेजारीण नाकाला रुमाल लावून बसली होती. "काय सेवा करतात हो मावशी!" ती रुमालातून मला म्हणाली. "नशीब काढलं या कुत्र्याने."

नशीब! गाठोड्याचं तोंड आता मिटत नव्हतं. मागचे पाय गेले होते. कुल्ल्यावर पडून पडून जखम झाली होती आणि भाची गुडघ्यांवर बसून चिमट्याने तिच्यातून एकेक अळी काढून वाटीत टाकत होती. कुत्र्याच्या अंगावर अत्तराचे तेलकट डाग, त्यांना केस चिकटलेले, त्यावर माश्या. पाण्याचं ताट पुढे होतं. त्याने जीभ बुडवायचा प्रयत्न केला, ती पोचली नाही, पाणी मात्र लाल झालं. मला शिसारी आली; पण कुत्र्याची नाही. रुमालातून कौतुक करणारीची, 'तुम्हाला वाटेल तेव्हा फोन करा' असं सांगून सभ्यपणे मोकळ्या झालेल्या डॉक्टरीणबाईंची, आणि सगळ्यांत जास्त अठरा दिवस घरी बसून राहिलेल्या राजेसाहेबांची.

"आत्या, कालपासून पाणी उतरलं नाही त्याच्या घशाखाली," भाची वर न बघता म्हणाली.

"उकाडा आहे. मलासुद्धा काही उतरत नाही."

"सकाळी दोन कप चहा घेतलास."

"म्हातारीचे कप मोजतेस होय गं? टपालाची पाकिटं मोज." मग माझ्याकडे वळून, "तूच सांग रे हिला. शेपटी हलवतोय अजून. ज्या दिवशी हलवणार नाही, त्या दिवशी बघू."

शेपटी खरंच हलली. मावशीचा आवाज आला की हलायची. मी असे नट पाहिले आहेत. अंगात ताप फणफणत असतो, विंगेत बादलीत ओकतात आणि प्रवेशाची वेळ झाली की हसत बाहेर जातात. गाठोड्या तेच करत होता. समोर एकच प्रेक्षक होता आणि त्या एकासाठी तो खेळ रेटत होता.

जिना चढताना मी मोठं भाषण तयार केलं होतं. ते तिथेच मेलं. मी गुडघे करकरवत खाली बसलो. "याला जरा उचल," भाचीला म्हणालो. तिने त्याला अलगद उचललं, तो कण्हला, आणि मी खालून झगा ओढून घेतला. ओला होता आणि नको इतका जड. मी तो उलटा केला, जसा तेव्हा ती करायची तसा, आणि मावशीसमोर धरला.

"मावशी, पुढचा."

तिच्या हातांनी तो घेतला. तिने घेतला असं मी म्हणणार नाही, हातांनीच घेतला. तो नाकाशी गेला. एकदा हुंगला. दुसऱ्यांदा हुंगला.

"पू आहे," ती म्हणाली. आवाज स्टुलावरचा होता, इतक्या वर्षांनी जसाच्या तसा. "रक्त आहे. जुनं. महिन्याच्या वरचं."

मग तिने तो तिसऱ्यांदा हुंगला. मी तिला कधी तिसऱ्यांदा हुंगताना पाहिलं नव्हतं.

"याच्यावर अत्तर मारलंय. कुणी मारलं?"

सवयीने विचारलं तिने, रागाने. शेजारीण हळूच उठून गेली. मावशीची नजर खिडकीपाशी ठेवलेल्या कुपीवर गेली आणि तिथेच राहिली. मग तिने तो झगा खाली ठेवला. डावीकडे.

"फोन लाव गं," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता या म्हणावं. सांजेला नको, उद्या नको."

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. त्यांनी सगळ्यांना तोंडाला लावायची पट्टी दिली. मावशीने घेतली नाही. "राहू दे. मला येऊ दे वास," म्हणाली आणि गाठोड्याचं डोकं मांडीवर घेतलं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं होतं. दोन-तीन मिनिटांत खोलीतला एक आवाज बंद झाला, तेव्हा मला कळलं की तो सारखा कण्हत होता आणि तासाभरात मला त्या कण्हण्याची सवयसुद्धा झाली होती. त्या दोघी तर महिनाभर ऐकत होत्या. दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी माझा घसा आपोआप साफ झाला. काहीतरी भारदस्त बोलावं असं ओठांवर आलंच होतं. भाचीने मान वर करून पाहिलं. मी गप्प बसलो. आयुष्यात इतक्या वेळेवर मी फार कमी वेळा गप्प बसलो आहे.

सगळं उरकल्यावर मावशी साबणाने कोपरांपर्यंत हात धूत होती. मी टॉवेल धरून उभा होतो.

"तू आलास तेव्हा येत होता का रे वास?"

"केव्हा?"

"नाटकं नकोत. अत्तर घेऊन आलास तेव्हा."

"येत होता. दुसऱ्या मजल्यापासून."

"मग राजबिंडा कोण होता?"

मी टॉवेल पुढे केला.

"मी नाक बंद करून बसले होते, कबूल आहे," ती टॉवेल ओढून घेत म्हणाली. "तुझं तर उघडं होतं ना? अठरा दिवस त्या मुक्या जिवाने..." ती खिडकीपाशची कुपी घेऊन आली आणि माझ्या कोटाच्या खिशात कोंबली. अर्धी संपली होती. "घेऊन जा. पुन्हा आणू नकोस."

घरी येऊन मी ती मोरीत ओतली. दोन बादल्या पाणी ओतलं, साबण टाकला, ब्रशने घासलं. त्याला तीन आठवडे झाले. अजूनही नळ सोडला की आधी गुलाब येतो, मग पाणी.

परवा भाचीचा फोन आला होता. आत्या विचारते, राजे मेले की काय. उद्या जाणार आहे. रिकाम्या हातांनी.