निघण्याआधीची कवळी

लोक तिला कवळीवाली म्हणत आणि तिला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. बावीस वर्षं दातांच्या लॅबच्या मागच्या खोलीत बसून तिनं मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवला होता. पुढच्या खोलीत डॉक्टर बसत, नावही त्यांचंच होई. पण रस्त्यानं जाताना एखादे आजोबा तोंड भरून हसले की तिची मान आपोआप ताठ व्हायची. ते हसू तिच्या हातचं असे.

आता तिला युरोपातल्या एका शहरातून बोलावणं आलं होतं. तिथल्या लॅबवाल्यांनी नमुन्यादाखल एक कवळी मागवली, उलटीसुलटी करून पाहिली आणि पंधरा दिवसांत कामाचं पत्र धाडलं. व्हिसा झाला. खोली फोटोवरून ठरली. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती.

"भिंत तर भिंत," ती वहिनीला म्हणाली. "मी काय खिडकीत बसायला चालले आहे?"

तिथली भाषा ती रोज तासभर घोकायची. नमस्कार, आभार मागाहून आले. सगळ्यात आधी तिनं एकच वाक्य पाठ केलं होतं: कुठं टोचतंय?

सगळं जुळून आलं आणि घोडं अडलं घरातच. तिचे वडील आयुष्यभर सुतारकाम केलेले. शहात्तराव्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दातही गेले, तेव्हा तिनं चारचौघांत सांगून टाकलं होतं, "बाबांच्या तोंडात माझ्या हातची कवळी नीट बसल्याशिवाय मी विमानात बसणार नाही." आता तो शब्द गळ्याशी आला होता. कवळी काही केल्या बसेना. तिकीट एकदा पुढे ढकलून झालं. तिकडच्यांनी सभ्य शब्दांत कळवलं, की आता आणखी उशीर झाला तर जागा दुसऱ्याला जाईल. तिकीट शनिवारचं होतं आणि आज बुधवार उजाडला होता.

"उजवीकडे लागतच नाही," वडील म्हणाले. "सगळं चावणं डावीकडे. उजवी बाजू नुसती पाहुणी आलीय."

"काल संध्याकाळी तर लागत होती."

"काल लागत होती. आज नाही."

तिनं त्यांच्या दातांमध्ये चावल्याचा ठसा उमटवणारा निळा कागद धरला. "चावा. पुन्हा चावा." कवळी काढून पाहिली. डावीकडे निळे ठिपके उठले होते, उजवीकडचे दात कोरे. काल याच दातांवर दोन्हीकडे सारखी निळाई तिनं स्वतः पाहिली होती. आणि दात काही एका दिवसात झिजत नाहीत.

ती कवळी घेऊन खिडकीशी गेली आणि भिंग लावलं. दाढांवर केसासारखे बारीक ओरखडे होते. सगळे एकाच दिशेचे, एकाच जोराचे. शेजारच्या दाताला धक्कासुद्धा लागला नव्हता. तिचा संताप डोक्यात गेला आणि त्याच क्षणी तिला नवलही वाटलं. इतका साफ हात लॅबमध्ये कुणाचाच नव्हता.

"बाबा, तुमची बारीक कानस कुठंय?"

वडील छताकडे पाहू लागले. "कसली कानस?"

वहिनी दारातूनच म्हणाली, "तरीच! वन्सं, हे नळ सोडून बाथरूममध्ये बसतात आणि आतून कुरकुर आवाज येतो. मला वाटलं, दात घासतायत."

"दातच घासत होते," ती म्हणाली.

वडिलांना हसू फुटलं. बोळकं तोंड, त्यामुळे ते लपलंही नाही. मग हसू ओसरलं.

"तू गेल्यावर टोचलं तर जाऊ कुणाकडे? त्या डॉक्टरकडे? तो एकदा तोंडात बघतो आणि दोनदा घड्याळात. नवी कवळी सहा महिने हिरडीशी भांडते, असं तूच सगळ्यांना सांगतेस ना? मग? भांडण लावून द्यायचं आणि आपण निघायचं!"

ते बोलत होते ते खरं होतं.

त्या दिवशी तिनं उजव्या दाढा काढून नव्या बसवल्या. गुरुवारी सकाळी वडिलांना लॅबमध्ये नेलं आणि थेट आपल्या स्टुलावर बसवलं. समोर आरसा ठेवला, हातात शाईची पेन्सिल दिली.

"हिरडी कापसानं कोरडी करा. दुखेल तिथं ठिपका द्या आणि कवळी बसवा. ठिपका कवळीच्या आतल्या बाजूला उठेल. तेवढ्याच जागी कानस फिरवायची, हलकी, दोनदा. वरून बारीक पॉलिश पेपर. दातांना मात्र शिवायचं नाही!"

"आणि जास्त घासलं गेलं तर?"

"तुमच्या हातून? तुम्ही बसवलेलं एक तरी दार कधी परत काढावं लागलं?"

"एकदा."

"मग?"

"दार सरळच होतं. चौकट वाकडी होती."

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. ओठ ओढून हिरडीवर ठिपका दिला, कवळी बसवली, काढली, उजेडात धरली. आत शाईचा इवलासा डाग उठला होता. त्यांनी अंगठ्यानं त्याची कड चाचपली आणि कानस उचलली. ती त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"बाजूला हो," ते मान न वळवता म्हणाले. "उजेड अडवतेस."

ती बाजूला झाली. हात धुतले, पिशवीतून पासपोर्ट आणि कामाचं पत्र काढलं आणि प्रती काढून आणायला समोरच्या दुकानात गेली.