राखणदाराच्या जागेसाठी अर्ज

मी सौदीत राबिघच्या रिफायनरीत नोकरी करतो आणि रत्नागिरीकडची आंब्याची बाग पत्रांनी चालवतो. हसायचं तर हसा! फोन आहे, पण आमचा म्हातारा राखणदार फोनवरचा हुकूम मानतच नाही. म्हणतो, "बोललेलं उद्या तुम्हीच नाकारलंत तर? कागद धाडा, भाई." मग काय, सुट्टीला जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात, जिथे आपली माणसं भेटतात, तिथे जायचं, गावी निघालेला कोणीतरी गाठायचा आणि त्याच्या बॅगेत पाकीट सरकवायचं.

पाकिटात कागद दोन. चांगला राखणदार मिळणं मुश्कील, शेजारचे बागवाले टपलेलेच असतात, म्हणून त्याला लोणी लावायचं: "खोकला कसा आहे? उन्हात फिरू नका. तुमच्यावाचून मला कोण आहे?" दुसरा कागद बायकोला. बायको काय, कुठे जातेय? "मोहोरावर तुडतुडे दिसतायत का बघ. फवारणी करून घे. गडगा ढासळलाय तो बांधून घे."

म्हाताऱ्याला अक्षरओळख नाही. त्याची पत्रं त्याला वाचून दाखवते माझी बायको, उत्तरंही तीच लिहून घेते. आठ वर्षं हे चाललंय आणि माझ्या टाळक्यात कधी काही शिरलं नाही. गाढव मी, दुसरं काय!

यंदा खटपट करून तिचा व्हिजिट व्हिसा काढला. कळवलं, "व्हिसा निघालाय. येण्याआधी राखणदाराला फवारणी नीट समजावून दे." उत्तर आलं ते असं:

"विषय: राखणदाराच्या जागेसाठी अर्ज. महोदय, मला आपली बाग राखण्याचा आठ वर्षांचा अनुभव आहे. खोकला मलाही आहे. नेमणूक झाल्यास व्हिसाचा विचार करीन. आपली विश्वासू."

आधी मी खो खो हसलो. खोलीतल्या सोबत्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू पळालं. फोन केला, तर म्हणाली, "अर्जाचं उत्तर लेखी द्या," आणि ठेवून दिला. व्हिसाची मुदत महिन्याभराची उरली होती.

शुक्रवारी कागद घेऊन बसलो. पहिली ओळ तिच्या खोकल्याची, दुसऱ्या ओळीत फवारणी आलीच! फाडला. असे चार फाडले. राखणदाराच्या कागदासोबत धाडायला पाचव्यावर एवढंच लिहिलं: "चुकलो. तुझ्याशिवाय इथे करमत नाही, कधीच करमलं नाही. ये."

वीस दिवसांनी राखणदाराचं पत्र आलं, अर्थात तिच्याच अक्षरात.

"भाई, या खेपेला भाभींनी माझं पत्र घाईघाईत वाचलं. दुसऱ्या कागदात काय आहे विचारलं, तर फवारणीचं म्हणाल्या. मग ते घेऊन आत गेल्या नि कडी लावली. बाहेर आल्या तर डोळे लाल. हे लिहिणार नाही म्हणत होत्या, मी म्हटलं लिहायचंच. आता बॅग झटकून उन्हात टाकलीय. त्या निघाल्या म्हणजे माझी पत्रं मला कोण वाचून दाखवणार, तेवढं कळवा."