बेटावर न्यायचं राहिलं

बाबांना बेटावर न्यायचं राहिलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी आशा धरून वाचायला नको. सुरतेहून तीन-साडेतीन तास गाडी, मग रिक्षा, मग होडी. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचवणारी वाट. तेवढी वाट मला सहा वर्षं सापडली नाही.

सुरतेत मराठी माणूस म्हटलं की लोक खानदेशी धरून चालतात, आणि आमच्या गोडादरा भागात ते फारसं चुकत नाही. माझी आई खानदेशातलीच, घरात अहिराणी बोलणारी. एकटे बाबा दर्यावरचे. कुणी विचारलं, "तुम्ही धुळ्याचे की जळगावचे?" तर ते म्हणत, "पाण्यातला." ऐकणाऱ्याला वाटे, धरणात गाव गेलेला माणूस दिसतो. तो बिचारा हळहळायचा. बाबा त्याला हळहळू देत.

तीसेक वर्षं कापडाच्या लूमवर काढल्याने बाबांचे कान गेले होते आणि ते सगळं ओरडूनच सांगत. त्यामुळे त्या बेटाचा इतिहास आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होता. तीन भाऊ जाळी वाळवायला तिथे उतरले, तहान लागली म्हणून वाळू उकरली, तर गोडं पाणी लागलं. म्हणून राहिले. त्या खड्ड्याची पुढे विहीर झाली आणि तिच्याभोवती वाढत वाढत पंचवीस-तीस घरं. सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे भांडणं भरपूर आणि अबोला कुणालाच परवडत नसे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. एकदा घरी वह्या तपासताना मी मोठ्याने वाचलं, "चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात." बाबा उखडले. "ओहोटीला माझी आई टोपली घेऊन चिखलातून चालत बाजाराला जायची. कुठल्या बाजूने वेढलेलं? मार त्या पोराला शून्य." मी पोराला पूर्ण मार्क दिले.

वस्ती उठली तीही पाण्यामुळेच. आधी चहातलं दूध फाटायला लागलं. बायकांनी दोष शेळ्यांना दिला. दोन वर्षं बेटावरच्या शेळ्या फुकट बदनाम झाल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दूध चांगलं आहे, विहीर खारट झाली आहे. पिण्याचं पाणी किनाऱ्यावरून होडीने यायला लागलं. पाण्याचे हंडे होडीत चढवायला कुणी मुलगी देईना, म्हणून लग्नाची मुलं सुरतेच्या लूमवर निघाली. बाबा त्यांतले एक. त्यांच्या मागोमाग एकेक घर उठत गेलं. जाणारा घराचे वासे, दारं, चौकटी होडीत घालून नेई, कारण बेटावर लाकूड मिळत नसे आणि नव्या घराला ते लागणारच. त्यामुळे तिथे पडकी घरंसुद्धा उरली नाहीत. नुसती जोती उरली, असं बाबा सांगत. पण हे त्यांनी ऐकलेलं होतं. आजी गेली तेव्हा ते शेवटचे तिकडे गेले होते आणि तेव्हा चार घरं उभी होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "एकदा बघून येऊ. आमचं जोतं मी दाखवतो तुला, दुसऱ्या कुणाला ओळखू यायचं नाही." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझी कधीच ना नव्हती. दिवाळीत पेपर तपासायचे होते. मे महिन्यात मतदारयाद्यांचं काम अंगावर पडलं. पावसाळ्यात होड्या बंद. मग मुलीची दहावी. ही कारणं खोटी नव्हती, म्हणून तर मला अजून त्या कारणांचा राग येतो. खोटी असती तर कधीतरी मलाच लाज वाटली असती. एकदा बाबा सकाळी आंघोळ करून, पिशवी भरून दाराशी खुर्ची टाकून बसले. आदल्या आठवड्यात मी "या रविवारी बघू" म्हटलं होतं. ते 'बघू' त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मी खेकसले, "बाबा, लहान मुलासारखा हट्ट करू नका." त्यांनी पिशवीतून शर्ट काढला, घडी मोडू न देता कपाटात ठेवला आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

मागच्या वर्षी त्यांचं मूत्रपिंड बिघडलं. डॉक्टरांनी थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणाले. हे 'घरी न्या' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. त्यांना बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर ठेवलं. बोलणं जवळजवळ बंद होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मना खाली न्या."

आमच्याशी ते नेहमी साधी मराठी बोलत. हे 'मना', म्हणजे 'मला', मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकलेलं. मी आईकडे पाहिलं. आई क्षणभर थांबली. मग तिने फरशी पुसली, घोंगडी अंथरली, आणि आम्ही दोघींनी शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना पलंगावरून खाली घेतलं. आपल्यात जाणाऱ्या माणसाला जमिनीवर घेतात, आणि बाबांना आपली वेळ कळली होती असंच सगळे समजले. आईने तुळशीचं पान ठेवून तोंडात पाणी घातलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हणाले, "खाली." मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "खालीच आहात, बाबा! खालीच घेतलंय!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिवेलागणीच्या आत ते गेले.

भेटायला येणारे म्हणत, पुण्यवान माणूस, स्वतःच्या तोंडाने खाली घ्या म्हणाला. मलाही त्याचा आधार वाटत होता. निदान शेवटचं मागितलेलं तरी दिलं, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगायची.

दहाव्याला त्यांची चुलत बहीण आली. किनाऱ्यावरच्या गावात राहते, बेटावर जन्मलेल्यांपैकी आता तिथे ती आणि आणखी एक-दोघंच उरलेत. पाणी प्यायली आणि मलाच म्हणाली, "त्याला एकदा खाली का नाय आनलास गो? मी किती वाट बघितली."

"खाली कुठे, आत्या?"

"खाली म्हंजे बेटावर. ओहोटीच्या पान्याबरोबर होडी जाते ती खाली, भरतीबरोबर बाजाराला येते ती वर. आमच्यात मेलेल्याला पन कोन 'वर गेला' म्हनत नाय. वर म्हंजे बाजार."

ती आपल्याच बोलण्यावर थोडी हसली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आईला हे सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी आपण नवऱ्याचं बोलणं चुकीचं समजलो, हे तिला कशाला कळायला हवं? दीड महिना मी ते पोटात ठेवलं. मग एका दुपारी ती दारात साडीला टिकल्या लावत बसली होती आणि माझ्याने राहवलं नाही. मी रडत रडत सगळं सांगितलं. 'खाली' म्हणजे काय होतं ते, आणि आपल्याला कसं समजलं नाही ते.

तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"माले म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "लगीन करीसन पयलेंदा बेटवर गऊ, तव्हय तुनी आजीनी माले हाईच इचारं. खाली ऊनी का, म्हने."

म्हणजे 'खाली आलीस का' हे आजीने तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. "मग तू बोलली का नाहीस? मी त्यांच्या कानात ओरडत होते आणि तू गप्प बसलीस?"

"त्या ते जाईच ऱ्हायन्तात. त्यास्ले बेटवर लई जावाना येळ नव्हता." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "पन तुले ऱ्हावानं व्हतं. तुले समजतं तर तू जल्मभर सोताले खाती. म्हनीसन मी घोंगडी आथरी."

म्हणजे पलंगाशी ती क्षणभर थांबली, तेव्हा तिने आमच्या दोघांत निवड केली होती. बाबांचा शब्द तिला कळला होता, आणि तो आपल्याला कळला एवढंसुद्धा तिने त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांना ऐकू जावं तर ओरडावं लागलं असतं, आणि मी तिथे उभी होते.